सकाळची न्याहारी आणि मनाचे स्वास्थ्य

शेतकऱ्याच्या दिवसाची आखणी कामावरून होते, घड्याळावरून क्वचितच. पेरणीचा वाफसा साधावयाचा असो, कापसाची वेचणी असो की उसाची तोड असो, पहाटेचा चहा घेऊन घराबाहेर पडलेला माणूस पहिला घास केव्हा घेईल हे त्या दिवसाच्या कामावर अवलंबून असते. जेथे कृषिपंपांना रात्रीच्या पाळीत वीज मिळते, तेथे पिकाला पाणी देऊन पहाटे परतलेला शेतकरी काही न खाताच आडवा होतो आणि उठल्यावर एकदम दुपारचे जेवण घेतो. न्याहारी चुकली की अंगातील त्राण कमी होते, हे कोणास सांगावयास नको. परंतु तिचा मनाशीही काही संबंध आहे, याकडे सहसा लक्ष जात नाही. सकाळी अकराच्या सुमारास बांधावर झालेली बोलाचाली, मुलाच्या पाठीत विनाकारण घातलेला धपाटा, हिशेबात झालेली चूक या सर्वांचा दोष स्वभावाला दिला जातो. त्यातील काही भाग रिकाम्या पोटाचा असतो. तो किती असतो व किती नसतो, हे नीट समजून घेणे अवश्य आहे; कारण या विषयावर अतिशयोक्तीही पुष्कळ केली जाते.

मेंदूचा खुराक

मनुष्याच्या मेंदूचे वजन शरीराच्या वजनाच्या सुमारे शेकडा दोन इतकेच असते. परंतु विश्रांतीच्या स्थितीत शरीर जेवढी ऊर्जा खर्च करते, तिचा सुमारे एकपंचमांश भाग एकटा मेंदू घेतो. त्याचे मुख्य इंधन म्हणजे रक्तातील साखर, अर्थात ग्लुकोज होय. प्रौढ माणसाच्या मेंदूस दिवसाकाठी सुमारे १२० ग्रॅम ग्लुकोज लागते. मेंदूजवळ स्वतःचा असा साठा जवळजवळ नसतो. झोपेतही त्याचे काम चालूच असते आणि त्याची मागणीही चालूच राहते.

रात्रभर ही मागणी पुरविण्याचे काम यकृत करते. जेवणानंतर यकृतात ग्लायकोजेन या स्वरूपात सुमारे १०० ग्रॅम पिष्टमय पदार्थाचा साठा होतो व तो रात्री हळूहळू वापरला जातो. स्नायूंतही ग्लायकोजेन असते, आणि तेही यकृतातील साठ्यापेक्षा अधिक. परंतु ते त्या त्या स्नायूच्याच उपयोगी पडते, रक्तात परत येत नाही. रात्री आठला जेवलेला शेतकरी सकाळी दहाला न्याहारी करील तर मध्ये चौदा तास लोटलेले असतात, आणि त्यांपैकी शेवटचे तीन-चार तास कष्टाचे असतात. तोपर्यंत यकृताची कणगी तळाला आलेली असते.

याचा अर्थ न्याहारी चुकली की मेंदू उपाशी पडतो असा मात्र नाही. निरोगी माणसाचे शरीर याची तरतूद ठेवते. यकृत प्रथिनांच्या व चरबीच्या घटकांपासून नवे ग्लुकोज तयार करते आणि रक्तातील साखर धोक्याच्या पातळीखाली सहसा जाऊ देत नाही. एकादशीचा किंवा रोज्याचा उपवास कोट्यवधी माणसे निर्वेधपणे करतात, ते याच तरतुदीमुळे. प्रश्न आहे तो ही तरतूद कशाच्या साहाय्याने होते याचा. साखर उतरू लागली, आणि त्यातही अंगमेहनत चालू असली, की शरीरात ॲड्रेनॅलीन, कॉर्टिसोल यांसारखी संप्रेरके अधिक प्रमाणात स्रवतात. साप दिसला असता किंवा भांडणाचा प्रसंग आला असता जी संप्रेरके कामास येतात, त्यांतीलच ही होत. त्यांच्यामुळे छाती धडधडते, हात किंचित थरथरतात, घाम फुटतो, मन अस्वस्थ होते. ज्या माणसाच्या डोक्यावर आधीच कर्जाचा हप्ता, पावसाची ओढ अथवा घरातील आजारपण यांची चिंता आहे, त्यास ही शारीरिक अस्वस्थता आणि मनातील काळजी वेगवेगळी ओळखता येत नाही. काळजी आहे त्याहून मोठी वाटू लागते.

येथे दोन गोष्टींबाबत फार सावध राहिले पाहिजे. मधुमेहासाठी इन्शुलिन अथवा साखर उतरविणाऱ्या काही विशिष्ट गोळ्या घेणाऱ्या रुग्णाने औषध घेऊन न्याहारी चुकविली, तर वर सांगितलेली तरतूद अपुरी पडते. रक्तातील साखर एकाएकी उतरते. माणूस असंबद्ध बोलू लागतो, भांडतो, क्वचित बेशुद्ध होतो. अशा वेळी तो शुद्धीवर असल्यास त्यास तत्काळ साखरपाणी किंवा गूळ द्यावा व वैद्यकीय मदत मिळवावी. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही घालू नये. दुसरी गोष्ट कीटकनाशकांच्या फवारणीची. घाम, थरथर, चक्कर, मळमळ ही लक्षणे फवारणी करणाऱ्या माणसात दिसली, तर ‘सकाळपासून पोटात काही नाही, म्हणून होत असेल’ असे म्हणून बसून राहू नये. विषबाधेचीही लक्षणे अशीच असतात. तोंडाला सुटणारी लाळ, अंधुक दिसणे, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होणे ही चिन्हे असल्यास तर शंकाच नको. त्या माणसाचे कपडे उतरवून अंग साबणाने धुवावे आणि औषधाच्या डब्यासह त्यास रुग्णालयात न्यावे. फवारणी उपाशीपोटी मुळीच करू नये, आणि न्याहारी फवारणीच्या जागेपासून दूर, हात-तोंड स्वच्छ धुऊनच करावी.

पाहण्या काय सांगतात

भुकेचा मनावर काय परिणाम होतो याची सर्वांत सविस्तर माहिती दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस अमेरिकेत मिळाली. मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज या शास्त्रज्ञाने १९४४-४५ मध्ये ३६ निरोगी तरुणांवर एक प्रयोग केला. हे तरुण युद्धात शस्त्र धरण्यास तत्त्वतः विरोध करणारे होते आणि युद्धग्रस्त देशांतील उपासमार झालेल्यांना पुन्हा कसे पोसावे हे कळावे, म्हणून स्वेच्छेने पुढे आले होते. त्यांना सहा महिनेपर्यंत नेहमीच्या सुमारे निम्माच आहार देण्यात आला. त्यांचे वजन सुमारे एकचतुर्थांशाने घटले हे अपेक्षितच होते. परंतु मनाची जी स्थिती झाली ती पाहणाऱ्यांनाही अनपेक्षित वाटावी अशी होती. उमदे, बोलके तरुण एकलकोंडे झाले. थट्टाविनोद संपला. लहानसहान गोष्टींवरून त्यांचा संताप होऊ लागला. काही जण दीर्घकाळ विषण्ण राहिले. दिवसरात्र अन्नाचेच विचार मनात घोळत, इतके की काही जण पाकशास्त्राची पुस्तके वाचीत बसत. आहार वाढविल्यानंतरही मन पूर्ववत होण्यास बराच अवधी लागला. प्रयोगाचा सविस्तर वृत्तांत १९५० मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला.

हा प्रयोग अर्धपोटी राहण्याचा होता, केवळ न्याहारी चुकविण्याचा नव्हता. हा भेद ध्यानात ठेवावयास हवा. मात्र ज्या मजुराची न्याहारी चुकते आणि पुढील जेवणातही ती भरून निघत नाही, त्याची गणना या तरुणांच्या जवळच करावी लागेल.

न्याहारीविषयीच प्रत्यक्ष अभ्यास पुढे पुष्कळ झाले. ब्रिटनमधील मानसशास्त्रज्ञ अँड्र्यू स्मिथ यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, सकाळी नियमाने धान्याची न्याहारी करणाऱ्यांमध्ये खिन्नता व मनावरील ताण इतरांपेक्षा कमी आढळला. त्यानंतर अनेक देशांतील विद्यार्थ्यांच्या व प्रौढांच्या पाहण्यांतूनही असाच संबंध दिसून आला आहे. परंतु अशा पाहणीवरून न्याहारी चुकल्यामुळेच मन खिन्न झाले असे सिद्ध होत नाही. ज्याचे मन आधीच खचले आहे त्याला सकाळी भूकच लागत नाही. ज्याला रात्री झोप येत नाही तो उशिरा उठतो आणि न्याहारी टाळतो. तंबाखू व धूम्रपान यांनी भूक मरते, आणि गरिबी तर भूक व चिंता दोन्ही एकदमच घरात आणते. विहिरीला पाणी कमी आहे आणि पीकही वाळले आहे, एवढ्यावरून पिकामुळे विहीर आटली असे कोणी म्हणत नाही. दोन्हींमागे पावसाने दिलेली ओढ असू शकते. न्याहारी हा नैराश्यावरील उपाय आहे असे जे सांगतात, ते या पुराव्यापेक्षा पुष्कळ पुढे जातात.

मुलांच्या बाबतीत पुरावा अधिक भक्कम आहे. जमैका बेटावरील खेड्यांतील प्राथमिक शाळांत ८१४ मुलांवर झालेल्या एका प्रयोगात चिठ्ठ्या टाकाव्यात त्याप्रमाणे मुलांचे दोन गट पाडण्यात आले. एका गटास वर्षभर शाळेत न्याहारी देण्यात आली व दुसऱ्यास केवळ संत्र्याचा चतकोर तुकडा. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगाच्या निष्कर्षानुसार न्याहारी मिळालेल्या मुलांची वाढ व शाळेतील उपस्थिती थोडी सुधारली आणि लहान वर्गांतील मुलांचे गणितही सुधारले. त्याच देशात आधी झालेल्या कामावरून असे दिसले होते की, न्याहारी चुकल्याचा परिणाम सुपोषित मुलापेक्षा कुपोषित मुलाच्या अवधानावर अधिक होतो. आपल्या देशात तमिळनाडू राज्याने सप्टेंबर २०२२ मध्ये मदुराई येथे पहिली ते पाचवीच्या सरकारी शाळांतील मुलांसाठी न्याहारीची योजना सुरू केली. शाळेत डुलक्या घेणारे, चिडणारे किंवा शून्यात पाहणारे मूल ‘ढ’ आहे असा शिक्का मारण्यापूर्वी ते घरून काय खाऊन आले याची चौकशी शिक्षकांनी अवश्य करावी.

केवळ भाकरीवर भागत नाही

न्याहारी वेळेवर होणे ही एक बाजू झाली; तिच्यात काय आहे ही दुसरी. या दुसऱ्या बाजूचा मनाशी किती निकट संबंध आहे हे पेलाग्रा या रोगाच्या इतिहासावरून कळते. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेच्या दक्षिण भागात मक्यावरच गुजराण करणाऱ्या गरीब लोकांत या रोगाने थैमान घातले होते. त्यात कातडीवर चट्टे पडतात, जुलाब लागतात व शेवटी बुद्धिभ्रंश होतो. तेथील वेड्यांच्या इस्पितळांत असे रोगी मोठ्या संख्येने होते. जोसेफ गोल्डबर्गर या डॉक्टरांनी १९१४ पासून केलेल्या कामाने हा रोग सांसर्गिक नसून आहारातील उणिवेचा आहे हे दाखवून दिले. १९३७ मध्ये कॉनरॅड एल्व्हेहेम यांनी निकोटिनिक आम्ल, म्हणजे ब वर्गातील नायासिन हे जीवनसत्त्व, हा त्यावरील उपाय असल्याचे शोधून काढले.

हा रोग दख्खनच्या पठारावरही होता. हैदराबाद येथील पोषण संशोधन प्रयोगशाळेत डॉ. सी. गोपालन व डॉ. एस. जी. श्रीकांतिया यांनी १९६० मध्ये ज्वारीवर जगणाऱ्या लोकांतील पेलाग्राकडे लक्ष वेधले आणि ज्वारीतील ल्यूसिन या घटकाचे आधिक्य त्यास कारणीभूत असावे असे मत मांडले. या मताबद्दल पुढे शास्त्रज्ञांत मतभेद झाले. परंतु ज्यांच्या आहारात ज्वारीखेरीज फारसे काहीच नव्हते अशांनाच तो रोग होई, याविषयी वाद नव्हता. ज्वारीची यात बदनामी होण्याचे कारण नाही. भाकरीबरोबर डाळ, शेंगदाणे, ताक, भाजी ही असली म्हणजे तीच ज्वारी उत्तम अन्न ठरते. शेंगदाण्यांत तर नायासिन विपुल असते. भाकरीवर शेंगदाण्याची चटणी घेण्याची जुनी रीत यामुळे मोठी मोलाची ठरते.

लोहाचे महत्त्वही येथेच सांगावयास हवे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या शेकडा ५४ स्त्रिया पंडुरोगी, म्हणजे रक्तक्षयाने ग्रस्त, आढळल्या. रक्तक्षयात थकवा येतो, कशात मन लागत नाही, चिडचिड वाढते. आणि घरातील माणसे त्यास आळस म्हणतात. न्याहारीसोबत घेतलेला चहा अन्नातील लोह शरीरात शोषले जाण्यास अडथळा आणतो. म्हणून जेवणापूर्वी व नंतर निदान एक तास चहा-कॉफी टाळावी अशी शिफारस राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मधील आहारविषयक मार्गदर्शनात केली आहे. पहाटे उठल्याबरोबर घेतलेल्या चहाला यामुळे बाध येत नाही. त्या चहाला न्याहारी समजणे मात्र चुकीचे आहे. दोन चमचे साखर घातलेल्या कपभर चहातून फार तर साठ-सत्तर उष्मांक मिळतात. चहाने व तंबाखूने भूक मारली जाते, भागत नाही.

न्याहारी कोणाची चुकते

गावात हिंडताना असे दिसून येईल की, ज्याच्यासाठी डबा बांधला जातो त्याची न्याहारी सहसा चुकत नाही. जी डबा बांधते तिची चुकते. पहाटे चारला उठून पाणी, झाडलोट, धारा, स्वयंपाक, मुलांची शाळा हे सर्व आटोपून ती स्वतः शेतावर निघते तेव्हा टोपल्यात उरले असेल ते खाते, किंवा खातही नाही. घरातील सर्वांचे झाल्यावर खाण्याची रीत आणि त्यात आठवड्याचे एक-दोन उपवास यांची भर पडते. ऊसतोडीच्या टोळ्यांतील स्त्रियांची स्थिती याहून बिकट असते. त्यांचे काम उजाडण्यापूर्वीच सुरू होते. एकट्या राहणाऱ्या वृद्धांचाही वेगळा विचार करावा लागतो. एका माणसासाठी चूल कशाला पेटवावयाची, असे म्हणत न्याहारी सुटते, मग संध्याकाळचे जेवण सुटते, आणि माणूस हळूहळू ओसरीवरून घरात व घरातून अंथरुणात जातो.

या सर्वांसाठी नवीन पदार्थ शोधण्याची गरज नाही. ७५ ग्रॅम पिठाच्या एका ज्वारीच्या भाकरीतून सुमारे २५० उष्मांक व सात ग्रॅम प्रथिने मिळतात. सोबत मूठभर शेंगदाण्यांची चटणी किंवा पिठले असले म्हणजे प्रथिने जवळजवळ दुप्पट होतात आणि ज्वारीत लायसिन या घटकाची असलेली उणीव डाळीच्या पिठाने भरून निघते. खानदेशातील कळण्याच्या भाकरीत ज्वारीबरोबर उडीद दळलेले असतात, म्हणजे हे मिश्रण जात्यातच झालेले असते. कोकणातील पेज हलकी व पचनास सोपी, परंतु निव्वळ पाणीदार पेजेने पोट भरल्याचा भास होतो तेवढाच. तिच्याबरोबर मोड आलेली कडधान्ये किंवा सुका मासा असावा. नाचणीची आंबील रात्री भिजवून ठेवली तर सकाळी अर्ध्या घटकेत होते, ताक घालून पिता येते, आणि वृद्धांना व लहान मुलांनाही चालते. रात्रीची भाकरी ताकात कुस्करून सकाळी खाणे हीदेखील चांगली न्याहारी होय. अलीकडे तिची लाज वाटू लागली आहे व तिच्या जागी चहात बुडविलेली खारी-बिस्किटे आली आहेत, हा बदल पैशाने महाग आणि पोषणाने हलका आहे. ज्यांना उजाडण्यापूर्वी निघावे लागते त्यांनी फुटाणे-गूळ किंवा शेंगदाणे-गूळ रात्रीच पदरात बांधून ठेवावा आणि पुढे पुरती न्याहारी करावी.

वेळेचा आग्रह किती धरावा, असा प्रश्न विचारला जातो. शरीरात दिवस-रात्रीचे एक अंगभूत घड्याळ असते. त्याचा मुख्य मेळ प्रकाशाशी असला तरी यकृतादी अवयवांचा मेळ अन्नाच्या वेळेशीही असतो. म्हणून आठला खा की दहाला, यापेक्षा रोज साधारण एकाच वेळी खाणे महत्त्वाचे. जो निरोगी प्रौढ विचारपूर्वक दोनच वेळा पण पोटभर व सकस जेवतो, त्यास न्याहारीची सक्ती करण्याचे कारण नाही. वाढती मुले, गर्भवती व स्तनदा माता, मधुमेही व कष्टकरी यांच्या बाबतीत मात्र ही सवलत घेऊ नये.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांसाठी

‘मन कसे आहे?’ या प्रश्नाला खेड्यात उत्तर मिळत नाही. ‘बरे आहे’ एवढेच ऐकावयास मिळते. ‘सकाळी काय खाल्ले?’ या प्रश्नाला उत्तर मिळते, आणि कोणी त्यात अपमानही मानीत नाही. न्याहारीची चौकशी हा म्हणूनच मनाच्या चौकशीचा सोपा दरवाजा आहे. घरात धान्य असूनही खावेसे वाटत नाही, अन्नाची चव गेली आहे असे उत्तर आले तर पुढे विचारावे: झोप लागते का, कामात मन रमते का, पूर्वी आवडणाऱ्या गोष्टी आवडतात का, जगणे नकोसे वाटते का? शेवटचा प्रश्न विचारल्याने मनात नसलेला विचार येतो, ही समजूत खोटी आहे. ही लक्षणे दोन आठवड्यांहून अधिक काळ बहुतेक रोज असतील, तर तो आजार समजावा. त्यावर न्याहारीचा उपदेश पुरेसा नाही. त्यास औषधोपचार व समुपदेशन लागते. जगणे नकोसे वाटते असे कोणी म्हटल्यास दोन आठवडे थांबू नये. त्या व्यक्तीस एकटे सोडू नये आणि घरातील कीटकनाशके त्याच दिवशी कुलपात किंवा घराबाहेर हलवावीत.

गावातील प्रशिक्षित कार्यकर्ते यात किती करू शकतात, हे अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत राबविलेल्या ‘विश्राम’ या उपक्रमात दिसले. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या अहवालानुसार, नैराश्य असलेल्यांपैकी मदतीसाठी कोणाकडे तरी जाणाऱ्यांचे प्रमाण अठरा महिन्यांत शेकडा चार-पाचांवरून सुमारे सत्तावीसवर गेले. केंद्र शासनाची टेलि-मानस ही दूरध्वनीसेवा ऑक्टोबर २०२२ पासून चालू असून १४४१६ या क्रमांकावर कोणत्याही वेळी, विनामूल्य व मराठीतूनही बोलता येते. संकोच वाटत असल्यास पहिला दूरध्वनी कार्यकर्त्याने स्वतः लावून द्यावा. प्रत्यक्ष तपासणीसाठी जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभागाकडे पाठवावे आणि पहिल्या खेपेस शक्यतो सोबत जावे. उपचार सुरू झाल्यावर पुढील भेटींत झोप व न्याहारी यांची चौकशी चालू ठेवावी, आणि थोडे बरे वाटताच रुग्ण आपल्या मनाने औषध बंद करीत नाही ना, हेही पाहावे.